लोहकणांचा शेक

चुंबकीय नॅनोकणांच्या उष्णोपचारावरचा कोणताही शोधनिबंध उघडून पाहा. पहिल्या परिच्छेदात बहुधा हिपोक्रॅटिस भेटतो. लेखक आपल्याकडचा असेल तर सुश्रुत भेटतो. पुढच्या वाक्यात एकोणिसाव्या शतकातला एखादा जर्मन शल्यवैद्य येतो आणि त्यापुढे थेट आजची प्रयोगशाळा. दोन-अडीच हजार वर्षांचा प्रवास तीन वाक्यांत आटोपतो. आमच्या भागात हेळवी येतो, पोथी उघडून घराण्याच्या सात पिढ्या सांगतो. त्याची नोंद पिढीमागून पिढी चालत आलेली असते. या शोधनिबंधांतली वंशावळ तशी नाही. तिच्यात खापरपणजोबा आहेत आणि नातू आहे, मधली माणसे गायब आहेत. या लेखात मला त्या मधल्या माणसांचा शोध घ्यायचा आहे.

आधी उपचार काय आहे ते सांगतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म कण पाण्यासारख्या द्रवात मिसळलेले असतात. एकेक कण दहा-वीस नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हा द्रव सुईने कर्करोगाच्या गाठीत सोडायचा. मग रुग्णाभोवती असे चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे की ज्याची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होते. बाहेरून काही टोचत नाही की भाजत नाही, पण आत बसलेले कण तापतात आणि गाठ तापते. ४१ ते ४६ अंश सेल्सिअस एवढी उष्णता गाठीला तासभर मिळावी, असा साधारण बेत असतो. घरातला शेक बाहेरून आत जातो. हा शेक आतून बाहेर येतो.

माझे औपचारिक शिक्षण आयटीआयच्या मशिनिस्ट प्रमाणपत्रापुरते आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षे फौंड्रीत काढली, त्यातली बरीचशी इंडक्शन भट्टीसमोर. तांब्याच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, मधल्या मुशीतले भंगार कशालाही न शिवता लालबुंद होते आणि वितळते. हे रोज पाहणाऱ्याला ‘बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून आतले लोखंड तापवणे’ यात जादू वाटत नाही. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचे वाटले. ही भट्टी माणसाच्या शरीरापर्यंत पोचली कशी, आणि पोचल्यावर तिचे काय झाले?

आग, ताप आणि चुंबक

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. क्षार आणि शस्त्र यांना दाद न देणारा रोग अग्नीने जातो, असा त्याचा आशय आहे. ग्रीकांकडे हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांतही औषध, शस्त्र आणि अग्नी अशी चढती भाजणी आहे. आपल्या खेड्यापाड्यांत बिब्ब्याचा चटका आणि तापल्या विळ्याचा डाग कालपरवापर्यंत होता. काही ठिकाणी आजही आहे आणि त्यात लहान मुले होरपळतात. पण हे सारे जाळणे आहे. डाग देणारा माणूस ऊतक जाळतो. ४३ अंशांवर ऊतक जळत नाही. तिथे घडते ते वेगळेच आहे, आणि ते समजायला थर्मामीटर लागतो. म्हणून अग्निकर्माला या उपचाराचा पूर्वज म्हणणे म्हणजे चुलीला विजेच्या दिव्याची आजी म्हणण्यासारखे आहे.

सुश्रुताकडे या विषयाशी खरोखर जवळची दुसरी नोंद आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. शरीरात घुसलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय तो देतो. त्यांत एक अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक. आणि केवळ ‘चुंबक लावा’ म्हणून तो थांबत नाही. शल्य सरळ दिशेने गेलेले असावे, आत अडकून बसलेले नसावे, त्याला काटे-आकडे नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे रुंद असावे, अशा अटी घालतो. चुंबकाची ओढ किती तोकडी असते हे ठाऊक असलेल्या, हाताने काम केलेल्या माणसाचे हे लिखाण आहे. सतराव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये मारी कॉलिने या शल्यचिकित्सक स्त्रीने डोळ्यातली पोलादाची कपची चुंबकाने काढली आणि तिच्या नवऱ्याने, फाब्रिसियस हिल्डानुसने, श्रेय तिला देऊन तशी नोंद केली. चुंबकाच्या वैद्यकाची ही प्रामाणिक शाखा.

दुसरी शाखा भोंदूपणाची, आणि तीच अधिक फोफावली. १७७४ साली व्हिएन्नात फ्रान्झ मेस्मरने माक्सिमिलियान हेल या खगोलवेत्त्या पाद्र्याने बनवलेली चुंबके एका रुग्ण स्त्रीच्या अंगावर लावली. पुढे चुंबकाचीही गरज उरली नाही. मेस्मरच्या हातातूनच ‘प्राणिज चुंबकत्व’ वाहू लागले. पॅरिसमध्ये त्याची कीर्ती इतकी वाढली की सोळाव्या लुईने १७८४ मध्ये चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए त्याचे सदस्य होते. रुग्णाला न सांगता उपचार करून पाहणे आणि उपचार न करता केला असे सांगून पाहणे, अशा दोन्ही चाचण्या त्यांनी घेतल्या. परिणाम कल्पनेचा आहे, चुंबकत्वाचा नाही, असा निष्कर्ष निघाला. आजही बाजारात सांधेदुखीचे चुंबकीय पट्टे आणि रक्त ‘शुद्ध’ करणाऱ्या चुंबकीय गाद्या मिळतात. विकणारा सांगतो, रक्तात लोह असते म्हणून चुंबक त्याला ओढतो. रक्तातले लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. खिळा चिकटावा तसे ते चुंबकाला चिकटत नाही. ही शाखा लक्षात ठेवायला हवी, कारण खऱ्या उपचाराच्या बातम्यांवर तिची सावली नेहमी पडते.

आता तापाकडे वळू. १८६६ मध्ये बॉन शहरातल्या बुश नावाच्या शल्यवैद्याने त्रेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या चेहऱ्यावर सार्कोमाची मोठी गाठ होती. तिला विसर्प झाला, म्हणजे त्वचेचा लालभडक पसरणारा संसर्ग, आणि त्याबरोबर जोराचा ताप आला. त्यानंतर गाठ विरली. १८९१ पासून न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली मुद्दाम तसा संसर्ग घडवू लागला आणि पुढे मेलेल्या जिवाणूंची लस टोचू लागला. १९१७ मध्ये व्हिएन्नात वाग्नर-याउरेगने उपदंशाने मेंदू पोखरलेल्या रुग्णांना मलेरियाचे रक्त टोचले, ताप चढू दिला आणि मग क्विनाइन देऊन मलेरिया उतरवला. १९२७ चे नोबेल पारितोषिक त्याला यासाठीच मिळाले. पेनिसिलिन आल्यावर ही पद्धत गेली.

उष्णोपचाराच्या वंशावळीत बुश आणि कोली हमखास असतात. मला ही जोडणी संशयास्पद वाटते. जिवाणूंमुळे ताप आला हे खरे, पण गाठ विरली ती तापामुळे की चवताळलेल्या रोगप्रतिकारशक्तीमुळे? आजचे बहुतेक अभ्यासक दुसऱ्या कारणाकडे झुकतात आणि कोलीला प्रतिकारशक्तीवर आधारलेल्या कर्करोगोपचाराचा पूर्वज मानतात. एकाच माणसाचे नाव दोन घराण्यांच्या पोथीत असेल तर एका ठिकाणी तरी जपून वाचावे.

माझ्या मते खरा पूर्वज आहे स्वीडनचा स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रान्स वेस्टरमार्क. १८९८ मध्ये त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर धातूच्या वेटोळ्यातून गरम पाणी खेळवून शेक दिला. त्याने तापमान मोजले आणि ते तासन्‌तास एका पातळीवर धरून ठेवले. सुमारे ४२ ते ४४ अंश. जाळायचे नाही, तापही चढवायचा नाही. फक्त गाठीपुरती, मोजलेली, टिकाऊ ऊब. आजच्या उपचाराचा आकडा तिथे पहिल्यांदा दिसतो.

४३ अंशांना काय होते

हा आकडा का? गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, वेड्यावाकड्या असतात. निरोगी ऊतक तापले की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि उष्णता वाहून नेतो. पाण्याचा पाट मोकळा असावा तसे. गाठीचे पाट तुंबलेले असतात, म्हणून उष्णता साचते. शिवाय गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त. अशा पेशी किरणोपचाराला सहज दाद देत नाहीत, पण उष्णतेने त्याच आधी ढासळतात. किरणांनी पेशीच्या डीएनएला केलेली इजा दुरुस्त करणारी यंत्रणाही उष्णतेने लंगडी होते. म्हणून उष्णता हा एकटा उपचार नसून किरणोपचाराचा जोडीदार आहे.

१९८४ मध्ये सापारेटो आणि ड्युई यांनी त्याचा हिशेब मांडला. ४३ अंशांवर साठ मिनिटांत जे घडते ते ४४ अंशांवर तीस मिनिटांत घडते. पण ४२ अंशांवर त्याला चौपट, म्हणजे चार तास लागतात. भट्टीवर काम केलेल्याला यातली मेख लगेच कळेल. एका अंशाची चूक म्हणजे सगळा घाणाच वाया. आणि गाठ पोटात खोल असेल तर तो एक अंश सांभाळायचा कसा?

विसाव्या शतकात रेडिओलहरींपासून ध्वनिलहरींपर्यंत सर्व मार्ग चोखाळले गेले. वरची त्वचा भाजायची आणि आतली गाठ थंड राहायची. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या चाचण्या यामुळेच निराशाजनक ठरल्या. उष्णता निरुपयोगी होती म्हणून नव्हे, तर ती पोचलीच नाही म्हणून. नेदरलँड्समध्ये अधिक चांगली यंत्रे वापरून ३५८ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नुसत्या किरणोपचारानंतर तीन वर्षांनी २७ टक्के स्त्रिया जिवंत होत्या. उष्णतेची जोड दिलेल्या गटात ५१ टक्के. या चाचणीत नॅनोकण नव्हते. पण उष्णता योग्य ठिकाणी पोचली तर काय होऊ शकते याचा हा पुरावा आहे.

शिकागोचा सर्जन

उष्णता बाहेरून ढकलण्याऐवजी आतच पेरावी, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञाला सुचलेली नाही. ती सुचली शिकागोच्या गिलख्रिस्ट नावाच्या शल्यचिकित्सकाला. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग लसिका ग्रंथींमधून कसा पसरतो याचा त्याने १९३० च्या दशकापासून अभ्यास केला होता. आतड्याची गाठ कापून काढली, तरी आसपासच्या ग्रंथींत डोळ्यांना न दिसणारी बीजे राहतात आणि रोग उलटतो, ही त्याची रोजची हार होती. ग्रंथीचे काम गाळणीचे. मग गाळणीत अडकेल अशी काही वस्तू सोडली तर? कर्करोगाच्या पेशी ज्या वाटेने जातात त्याच वाटेने लोहकण जातील, त्याच ग्रंथींत अडकतील, आणि बाहेरून इंडक्शनने तापवता येतील.

१९५७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त त्याचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. २० ते १०० नॅनोमीटरचे लोह-ऑक्साइडचे कण, सेकंदाला बारा लाख आवर्तनांचे क्षेत्र आणि कुत्र्यांवरचे प्रयोग. ग्रंथीच्या दर ग्रॅममागे पाच मिलिग्रॅम कण असतील तर तापमान १४ अंशांनी वाढवता येते, असे त्यांनी दाखवले. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा वैद्यकात कुणाच्या तोंडीही नव्हता.

इंडक्शनची विद्या त्या वेळी अमेरिकेत कारखान्यांतून मुरलेली होती. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये प्रवर्तनाचा नियम शोधला. एडविन नॉर्थ्रपने पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रिन्स्टनमध्ये उच्च वारंवारतेची भट्टी बनवली. १९३० च्या दशकात क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग इंडक्शनने कडक करण्याची रीत रूढ झाली. गिलख्रिस्टने ही कारखान्यातली विद्या शल्यगृहाच्या दारात आणली. वैद्यकाच्या इतिहासात कारखान्याचे हे ऋण क्वचितच नोंदले जाते.

पण इथेच एक पेच आहे. आमच्या भट्टीत भंगार तापते ते मुख्यतः त्यात उठणाऱ्या भोवरा-प्रवाहांमुळे, म्हणजे एडी करंटमुळे. तुकडा जितका लहान तितके भोवरे दुबळे. नॅनोमीटरच्या कणात भोवरा उठायला जागाच नाही. मग हे कण तापतात कसे?

भाजलेली माती

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. लुई नेएल हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनांच्या चुंबकीय सुरुंगांपासून फ्रेंच युद्धनौकांचा बचाव करण्याचे काम त्याच्याकडे होते. पोलादी जहाजाला उलट दिशेने चुंबकित करून त्याचे चुंबकत्व मिटवायचे. फ्रान्स पडल्यावर तो ग्रेनोबलला स्थिरावला. १९४९ मध्ये त्याने बारीक कणांच्या चुंबकत्वावर एक निबंध लिहिला आणि त्याचा उपयोग दाखवला तो भाजलेल्या मातीवर: विटा, कौले, मडकी.

मातीत लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. आव्यात मडके तापते तेव्हा या कणांचे चुंबकत्व सैरभैर होते. मडके निवताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळते आणि तिथेच गोठते. हजारो वर्षांनी एखाद्या जुन्या भट्टीची वीट तपासून, ती भाजली तेव्हा पृथ्वीचे क्षेत्र कसे होते, हे सांगता येते. ही आठवण इतकी टिकते कशी, हा नेएलचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे: कणाच्या आतल्या चुंबकत्वाला एका दिशेकडून उलट दिशेकडे जायला एक टेकडी चढावी लागते. कण मोठा तर टेकडी उंच, आणि आठवण लाखो वर्षे टिकते. कण लहान तर टेकडी बुटकी, आणि उष्णतेच्या साध्या धक्क्याने चुंबकत्व क्षणात पालटते. कणाच्या आकारात थोडासाच फरक पडला, तरी आठवणीचा काळ सेकंदाच्या अब्जांश भागापासून युगांपर्यंत जातो. दिवाळीत दारात लावलेल्या पणतीच्या मातीतही असे कण आहेत आणि ती भाजल्या दिवसाची उत्तर दिशा त्यांनी धरून ठेवली आहे.

आता हाच कण गाठीत बसवा आणि क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखभर वेळा फिरवा. कणाचे चुंबकत्व क्षेत्रामागे धावते, पण टेकडीमुळे प्रत्येक वेळी जरासे मागे पडते. हे मागे पडणे म्हणजेच उष्णता. टेकडी फार बुटकी असेल तर चुंबकत्व क्षेत्राबरोबर विनासायास फिरते आणि काही तापत नाही. फार उंच असेल तर ते हलतच नाही आणि तरीही तापत नाही. मधला नेमका आकार साधावा लागतो.

फिरण्याची दुसरीही तऱ्हा आहे. खचाखच भरलेल्या एसटीत उभा असलेला माणूस नुसती मान वळवू शकतो, किंवा शेजाऱ्यांना घासत अख्खाच वळू शकतो. मान वळवणे ही नेएलची तऱ्हा. अख्खा कण द्रवात फिरणे ही दुसरी, जिला ब्राउनचे नाव आहे. बाटलीतल्या द्रवात दोन्ही चालतात. ऊतकात कण चिकटून बसतात, गर्दी हलू देत नाही, आणि मुख्यतः मान वळवणेच उरते. म्हणूनच बाटलीत छान तापणारे कण गाठीत गेल्यावर मंदावतात. बाटलीतल्या आकड्यांवर छापलेल्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

नेएलला १९७० चे नोबेल मिळाले. त्याचा सिद्धांत आणि उष्णोपचार यांना जोडणारा दुवा तिसऱ्याच क्षेत्रातून आला. १९६३ च्या सुमारास ‘नासा’चा अभियंता स्टीव्ह पॅपेल याने मॅग्नेटाइटची दीर्घकाळ दळलेली पूड तेलकट द्रवात स्थिरावून चुंबकीय द्रव बनवला. अवकाशात वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने पंपाकडे ओढून घ्यावे, हा हेतू होता. इंधनाची अडचण इतर मार्गांनी सुटली, द्रव मात्र उरला. त्या द्रवांचा अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड रोझेन्सवाइग याने २००२ मध्ये, बदलत्या क्षेत्रात असा द्रव किती तापेल याचे गणित नेएल आणि ब्राउन या दोन्ही तऱ्हा धरून मांडले. आज या विषयातला प्रत्येक विद्यार्थी ते गणित वापरतो. मडकी, सुरुंग आणि रॉकेट या तीन वाटा एका गाठीपाशी येऊन मिळाल्या. हिपोक्रॅटिसपासून सरळ रेष ओढली की या तिन्ही पुसल्या जातात.

बर्लिन

बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान याने १९९३ मध्ये चुंबकीय द्रवाच्या तापण्याची मोजमापे प्रसिद्ध केली आणि पुढे दीड-दोन दशके हा विषय लावून धरला. शारिते रुग्णालयात माणसासाठी पहिले यंत्र उभे राहिले. सेकंदाला एक लाख आवर्तने. सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे गाभे, वर सिलेनचा लेप. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत आक्रमक कर्करोगावर चाचणी झाली. द्रव गाठीत टोचायचा, तासाभराची सहा सत्रे आणि जोडीला किरणोपचार.

२०११ मध्ये निष्कर्ष आले. रोग उलटलेल्या ५९ रुग्णांत, रोग उलटल्यापासूनचे मध्यक आयुष्य १३.४ महिने. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या आकडेवारीत ते ६.२ महिने होते. युरोपात २०१० मध्येच या उपचाराला परवानगी मिळाली होती. पण चाचणीत तुलनेचा समांतर गट नव्हता. आजचे निवडक रुग्ण एका बाजूला आणि दुसऱ्या काळातले, दुसऱ्या ठिकाणचे रुग्ण दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना होती. अडचणीही होत्या. डोक्याजवळचा सगळा धातू, दातांतल्या चांदीसकट, काढावा लागे. मेंदूत लोहकण राहिल्यामुळे तिथली एमआरआय पुढे निरुपयोगी ठरे, आणि मेंदूच्या गाठीवर नजर ठेवण्याचे मुख्य साधन तर तेच. हा उपचार बाजारात आणणारी ‘मॅगफोर्स’ कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

काही वर्षांपूर्वी फौंड्रीतला माझा एक जुना सहकारी फाइल घेऊन आला. थोरल्या भावाला हाच कर्करोग. शस्त्रक्रिया झालेली, रोग उलटलेला. कुणीतरी त्याला बर्लिनच्या उपचाराची बातमी मोबाइलवर पाठवली होती. “दादा, तुम्ही ह्यातलं वाचता. खरं हाय काय? रान विकायची तयारी हाय आमची.” मी डॉक्टर नाही, हे त्याला आधी सांगितले. मग तो २०११ चा निबंध काढून दोघे शेजारी बसलो. ५९ म्हणजे किती, मध्यक म्हणजे काय, तुलना कुणाशी केली आहे, हे एकेक करून मराठीत सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, “म्हंजे ह्येंनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केलंच न्हाईत?” सातवी शिकलेल्या माणसाने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. पुढचा विचार त्याने भावाच्या डॉक्टरांशी बोलून केला. जमीन विकली नाही. भाऊ पुढच्या पावसाळ्याआधी गेला. तिकडे नेले असते तर काय झाले असते, हे त्या निबंधातून कळत नाही, आणि चाचणीत समांतर गट नसण्याचा खरा अर्थ हाच आहे.

मर्यादेची रेषा

क्षेत्र आणखी जोरदार का करत नाहीत, असे कुणी विचारेल. कारण शरीर स्वतः वीजवाहक आहे. कणांत न उठणारे भोवरे माणसाच्या धडात मात्र उठतात. १९८४ मध्ये ॲटकिन्सन, ब्रेझोव्हिच आणि चक्रवर्ती यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या छातीभोवती वेटोळे ठेवून कुठवर सोसवते ते पाहिले. क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांच्या गुणाकाराची एक मर्यादा त्यातून निघाली, आणि ती पुढच्या पिढीचा नियम झाली. बर्लिनमध्ये पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरच्या चाचणीतही ओटीपोटात क्षेत्र थोडेसेच वाढवता आले, कारण रुग्णांना जांघेत आणि बाजूला जळजळू लागले.

दुसरी मर्यादा पोचण्याची. द्रव सुईने थेट गाठीत घालण्याऐवजी शिरेतून सोडावा आणि कणांनी आपली वाट आपण शोधावी, हे स्वप्न १९७९ मध्ये गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी मांडले. २०१६ मध्ये टोरांटोच्या अभ्यासकांनी आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांचे प्रयोग एकत्र तपासले. शिरेतून दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेला भाग, मध्यक काढला तर, ०.७ टक्के. उरलेले कण बव्हंशी यकृत आणि प्लीहा गिळतात. गिलख्रिस्टला हवे असलेले ग्रॅममागे पाच मिलिग्रॅम या वाटेने जमणे कठीण आहे.

तिसरी मर्यादा तापमान आवरण्याची, आणि इथे आपली माणसे आहेत. मॅग्नेटाइट सुमारे ५८५ अंशांपर्यंत चुंबकत्व सोडत नाही. म्हणजे गाठ कितीही तापली तरी तो आपणहून थांबणार नाही. त्याऐवजी असा पदार्थ घेतला, की जो ठरावीक, सौम्य तापमानाला स्वतःच चुंबकत्व सोडेल, तर प्रत्येक कणातच तापमान-नियंत्रक बसला असे होईल. लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट हा त्यासाठीचा एक उमेदवार. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात डॉ. एस. एच. पवार यांच्या गटाने त्यावर काम केले आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने लोह-ऑक्साइडचे कण आणि त्यांचे लेप यांवर दीर्घकाळ संशोधन केले. हे काम प्रयोगशाळेतले आहे. तिथून रुग्णापर्यंतची वाट बर्लिनलाही नीट पार करता आली नाही, हे आपण आत्ताच पाहिले.

आपल्याकडे मात्र वेगळाच सूर लागतो: लोहभस्म म्हणजे आमच्या पूर्वजांचे नॅनोतंत्रज्ञानच. लोहभस्मात लोखंडाची ऑक्साइडे असतात आणि पुटे देऊन ती बारीक होतात, हे खरे. पण नुसत्या बारीकपणाने काही तापत नाही. कणाचा नेमका आकार, टेकडीची नेमकी उंची, लेप, आणि सेकंदाला लाखभर वेळा फिरणारे क्षेत्र, हे सगळे जुळावे लागते. सुश्रुताला मोठेपण द्यायचेच तर अयस्कांताला त्याने घातलेल्या अटींसाठी द्यावे. उपाय कधी चालत नाही, हे त्याने लिहून ठेवले. आजच्या जाहिरातीत नेमके तेवढेच नसते.

या विषयाच्या बातम्या पुढेही येत राहतील, आणि फाइल घेऊन कुणी ना कुणी दारात येईल. तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. लोह गाठीत किती पोचले? तापमान गाठीच्या आत मोजले की बाटलीत? आणि बरे वाटलेल्यांची तुलना कुणाशी केली? पहिला प्रश्न गिलख्रिस्टचा आहे, दुसरा वेस्टरमार्कचा. तिसरा माझ्या त्या सहकाऱ्याचा.